घरी पिटा ब्रेड: खिसा हमखास उघडावा यासाठी

पिटा ब्रेड पहिल्यांदा करणाऱ्याचं सगळं लक्ष यीस्टकडे असतं. यीस्ट फेसाळलं का, पीठ दुप्पट झालं का, याचीच धाकधूक. पण पिट्याच्या पोटात जो पोकळ खिसा तयार होतो तो यीस्टमुळे होत नाही, वाफेमुळे होतो. एवढी एक गोष्ट नीट समजली की पुढची प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते कळतं, आणि कुठे काटेकोर राहायचं, कुठे सैल सोडलं तरी चालतं हेही उमगतं.

लाटलेली चकती कडकडीत तापलेल्या पृष्ठभागावर पडली की खालचा थर लगेच घट्ट होतो. ओव्हनच्या उष्णतेने वरचा थरही पाठोपाठ आवळतो. मधला भाग मात्र अजून ओला असतो. त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेला मूळ पाण्याच्या जवळपास 1,600 पट जागा लागते. बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ती दोन्ही थर एकमेकांपासून उचलून वेगळे करते आणि चकती टम्म फुगते. यीस्ट तर 60 अंश सेल्सिअसच्या आसपासच मरून गेलेलं असतं. त्याचं काम आधीच झालेलं असतं: चव, हलकेपणा, आणि ताणलं तरी न फाटणारं मऊ पीठ.

म्हणजे खिशासाठी तीनच गोष्टी लागतात. भरपूर आच, सगळीकडे सारखी जाडी, आणि कुठेही न फाटलेला, न सुकलेला पृष्ठभाग. या तिन्हींत कुचराई करू नका. साखर थोडी कमी पडली, पीठ पंधरा मिनिटं जास्त फुगलं, तर काही बिघडत नाही.

साहित्य, सहा पिट्यांसाठी

मैदा 300 ग्रॅम, पाणी 190 ग्रॅम, मीठ 6 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 4 ग्रॅम, साखर 5 ग्रॅम आणि ऑलिव्ह तेल 12 ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा चमचा. लाटताना भुरभुरवायला थोडा मैदा वेगळा ठेवा.

शक्य असेल तर डिजिटल काट्यावर वजन करूनच घ्या. कपाने मैदा मोजला तर तो किती दाबून भरला यावर वजनात बराच फरक पडतो, आणि पिट्याच्या पिठात पाण्याचं प्रमाण महत्त्वाचं असतं. काटा नसेल तर मैदा चमच्याने कपात सैलसर भरा आणि वरून सुरी फिरवून सपाट करा. असे अडीच कप होतील. पाणी पाऊण कप आणि वर दोन छोटे चमचे. मीठ एक छोटा चमचा, यीस्ट सव्वा छोटा चमचा.

मैद्याच्या पाकिटावर प्रथिनांचा आकडा छापलेला असतो, तो बघा. 100 ग्रॅममागे 10 ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर उत्तम. पाणी आणि प्रथिनं एकत्र आली की ग्लुटेन तयार होतं, आणि वाफ धरून ठेवणारी पिशवी त्या ग्लुटेनचीच असते. केकसाठीचा मऊ, कमी प्रथिनांचा मैदा इथे उपयोगाचा नाही.

साखर फक्त यीस्टला सुरुवातीचा हात देते आणि पिट्यावर डाग छान उमटवते. वगळली तरी चालेल. तेलाने पिटा दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. ऑलिव्ह तेल नसेल तर वास नसलेलं कुठलंही खाद्यतेल घ्या. मीठ मात्र कमी करू नका. ते यीस्टला आवर घालतं, ग्लुटेनला बळ देतं, आणि त्याच्याशिवाय पिटा अगदी सपक लागतो.

यीस्टबद्दल थोडं

इन्स्टंट यीस्ट सरळ पिठात मिसळता येतं. पाकिटावर 'ॲक्टिव्ह ड्राय' लिहिलं असेल तर ते आधी जागं करावं लागतं: मोजून घेतलेल्यातलंच थोडं पाणी कोमट करा, त्यात साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. वर फेसाचा थर आला तर यीस्ट चांगलं आहे. काहीच हालचाल नसेल तर ते टाकून द्या आणि नवीन आणा. मेलेल्या यीस्टवर पीठ आणि वेळ घालवू नका.

पाणी किती कोमट? 40 अंशांच्या आसपास. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघा, नुसतं ऊबदार वाटलं पाहिजे. चटका बसत असेल तर ते पाणी यीस्टला मारेल. हवा गरम असेल तर साधं पाणीच घ्या. उघडलेलं यीस्ट हवाबंद डबीत फ्रीजरमध्ये ठेवलं तर कित्येक महिने टिकतं.

मळणं

मोठ्या भांड्यात मैदा, मीठ, साखर आणि यीस्ट कोरडंच एकत्र करा. त्यात पाणी आणि तेल ओता आणि कुठे कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत हाताने कालवा. हा गोळा ओबडधोबड आणि चिकट असेल. तसाच झाकून वीस मिनिटं बाजूला ठेवा. या वेळात पीठ पाणी पिऊन घेतं आणि ग्लुटेन आपलं आपण जुळायला लागतं, त्यामुळे पुढची मेहनत निम्मी होते.

मग ओट्यावर काढून आठ-दहा मिनिटं मळा. तळहाताच्या टाचेने पुढे ढकला, घडी घाला, थोडं फिरवा, पुन्हा ढकला. पहिली दोन-तीन मिनिटं पीठ हाताला आणि ओट्याला चिकटेल. नेमक्या याच वेळी वरून मैदा घालायचा मोह होतो आणि तो आवरायलाच हवा. कोरडं झालेलं पीठ लाटताना मागे खेचतं, आणि खिसा फुगवायला लागणारी वाफ तयार व्हायला त्यात पुरेसं पाणीच नसतं. फारच चिकटत असेल तर हाताला तेलाचा थेंब लावा, किंवा पीठ पाच मिनिटं झाकून ठेवून पुन्हा मळायला घ्या.

मळून झालं हे कसं ओळखायचं? पृष्ठभाग गुळगुळीत होतो. बोटाने दाबलं की खळगा हळूहळू भरून येतो. सुपारीएवढा तुकडा घेऊन चारही बाजूंनी अलगद ताणा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता झाला तर पीठ तयार आहे. लगेच फाटला तर अजून दोन-तीन मिनिटं मळा. स्टँड मिक्सर असेल तर हुक लावून मंद गतीवर पाच-सहा मिनिटं पुरतात.

फुगायला ठेवणं

भांड्याला आतून तेलाचा हात लावा, गोळा त्यात फिरवून घ्या म्हणजे त्यालाही तेल लागेल, आणि घट्ट झाकण ठेवा. उद्देश एकच, वर सुकी साय धरू नये. 25 ते 27 अंशांच्या खोलीत दुप्पट व्हायला एक ते दीड तास लागतो, उकाड्यात पाऊण तासही पुरतो, आणि थंडीत दोन तासांवर जाऊ शकतं. घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. सरळ भिंतीच्या पारदर्शक डब्यात ठेवून सुरुवातीच्या उंचीवर बाहेरून रबरबँड लावला तर दुप्पट झालं की नाही हा प्रश्नच उरत नाही.

वेळ हाताशी असेल तर माझी पसंती फ्रीजला आहे. यीस्ट निम्मं करा, म्हणजे 2 ग्रॅम, आणि मळलेलं पीठ अर्धा तास बाहेर ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये टाका. थंडीत यीस्ट सावकाश काम करतं आणि आंबण्याची जी खोल, किंचित आंबूस चव येते ती तासाभराच्या पिठाला येत नाही. चोवीस तास, अगदी दोन दिवसही ते पीठ चांगलं राहतं. करायच्या आधी तासभर बाहेर काढा, कारण गार पीठ ताठर असतं आणि लाटताना त्रास देतं.

उंडे आणि लाटणं

ओव्हन वापरणार असाल तर तो याच वेळी सुरू करा. का ते पुढे येईल.

फुगलेलं पीठ ओट्यावर काढून हाताने हलकं दाबा आणि त्याचे सहा भाग करा, प्रत्येकी साधारण 85 ग्रॅमचा. प्रत्येकाच्या कडा खाली दुमडून गोळा करा आणि ओट्यावर तळहाताच्या ओंजळीत गोल फिरवा, म्हणजे वरची बाजू ताणून गुळगुळीत होईल. या उंड्यावर घडी किंवा चीर राहिली तर नेमकी तिथूनच पुढे वाफ निसटते, म्हणून हे काम घाईने उरकू नका. दुमडलेली बाजू खाली ठेवून, ओलसर फडक्याखाली उंडे दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा.

आता लाटणं. सगळ्या कृतीत मी सर्वांत जास्त महत्त्व या पायरीला देईन. पोळपाटावर किंवा ओट्यावर मैदा अगदी हलका भुरभुरवा. उंडा बोटांनी दाबून चपटा करा. मधून बाहेरच्या बाजूला लाटा, आणि दर वेळी चकती थोडी फिरवा. लाटणं कडेच्या पलीकडे घसरू देऊ नका, कारण कड पातळ झाली की ती आधी कडक होते, तिथेच तडकते आणि वाफ बाहेर जाते. 15 ते 16 सेंटिमीटर व्यास आणि सुमारे 4 मिलिमीटर जाडी हे लक्ष्य ठेवा. याहून बरीच जाड चकती मधे दमट राहून साध्या ब्रेडसारखी फुगते आणि खिसा होत नाही. फार पातळ केली तर दोन थर वेगळे व्हायच्या आधीच ती वाळून कुरकुरीत होते. चकती हुबेहूब गोल झाली नाही तरी बिघडत नाही. जाडी मात्र सारखी हवी. बोटं कडेवरून मधे फिरवून बघा, उंचवटा लागला तर तेवढ्याच जागी हलका हात द्या.

चकती लाटताच आकसून परत लहान होत असेल तर जोर लावू नका. ग्लुटेन ताणलेलं आहे, त्याला पाच मिनिटं विसावा द्या आणि तोवर दुसरा उंडा घ्या. बिघडलेली चकती गोळा करून लगेच पुन्हा लाटायची नाही; तिचा उंडा करून शेवटी वापरा, तोवर ती सैल होईल.

लाटलेल्या चकत्या मैदा शिंपडलेल्या कापडावर किंवा बेकिंग पेपरवर सुट्या ठेवा, एकावर एक नको. वरचा जास्तीचा मैदा मऊ ब्रशने झटका, नाहीतर तो भाजताना जळून कडू लागतो. फडक्याने झाकून पुन्हा दहा-पंधरा मिनिटं थांबा. हा दुसरा विसावा बरेच जण गाळतात. तो गाळला तर चकती तापल्यावर आकसते आणि खिसा अर्धाच उघडतो.

ओव्हनमध्ये भाजणं

ओव्हन त्याच्या सर्वाधिक तापमानावर लावा, 250 अंश असेल तर तेवढ्यावर. आत खालच्या एक तृतीयांश भागात पिझ्झा स्टोन (ओव्हनमध्ये तापवायचा सपाट दगड), नाहीतर जाड बेकिंग ट्रे उलटा घालून ठेवा. तो ओव्हनसोबत कमीत कमी तीस ते पंचेचाळीस मिनिटं तापला पाहिजे. ओव्हनचा दिवा 'तयार' म्हणतो तेव्हा फक्त आतली हवा तापलेली असते, दगड किंवा लोखंड नाही. पिट्याला फुगवणारा पहिला धक्का खालून मिळतो, तो या तापलेल्या पृष्ठभागाचा. गार ट्रेवर चकत्या मांडून ट्रे आत सरकवला तर पीठ हळूहळू तापतं, वाफ बारीक बारीक निसटते आणि पिटा सपाट राहतो. घरी केलेला पिटा न फुगण्याचं सर्वांत मोठं कारण मी हेच मानते.

बेकिंग पेपरसकट उचलून किंवा सपाट फळीवरून सरकवून एका वेळी दोनच चकत्या आत टाका आणि दार पटकन बंद करा. पेपर किती तापमानापर्यंत चालतो ते त्याच्या पाकिटावर आधी वाचून घ्या. मग काचेतूनच बघायचं. आधी इकडे तिकडे फोड येतात, ते एकमेकांत मिसळतात, आणि दीड-दोन मिनिटांत संपूर्ण चकती वर उठते. हे बघायला घरातले सगळे ओव्हनसमोर जमतात आणि त्यात नवल नाही, ते दृश्य फार सुंदर असतं. पण दार उघडू नका. फुगल्यावर आणखी मिनिटभर ठेवा, एकूण तीन ते चार मिनिटं. लालसर रंग येण्याची वाट बघत बसलात तर पिटा बिस्किटासारखा कडक होईल. फिका, क्वचित कुठे सोनेरी डाग असलेला पिटा शिजलेलाच असतो.

दोन घाण्यांच्या मधे ओव्हनला दोन-तीन मिनिटं पुन्हा तापू द्या. पंख्याचा झोत बंद करता येत असेल तर बंद ठेवा, त्याने वरचा थर लवकर सुकतो. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये पिटा होत नाही.

पिटा काढताना जाड हातमोजे घाला, आणि फुगलेला पिटा लगेच फोडू नका. आत कोंडलेली वाफ हात भाजवते.

तव्यावर

ओव्हन नसला तरी काही अडत नाही. जाड बुडाचा लोखंडी किंवा बिडाचा तवा मध्यमपेक्षा जरा मोठ्या आचेवर पाच मिनिटं चांगला तापवा. पाण्याचा थेंब टाकला तर तो तडतडून क्षणात उडून गेला पाहिजे. तेल लावायचं नाही. नॉनस्टिक तवा रिकामा इतका तापवू नये, त्याचा लेप खराब होतो आणि त्यातून निघणारा धूर अपायकारक असतो.

चकती टाका. वीस-तीस सेकंदांत वर बारीक फोड दिसू लागले की उलटा. दुसरी बाजू मिनिटभर, खाली तपकिरी ठिपके येईपर्यंत. पुन्हा उलटा, आणि आता फुगायला सुरुवात होते. एकाच जागी फुगून थांबला तर घडी केलेल्या फडक्याने फुगलेल्या भागाच्या कडेला हलकं दाबा, वाफ सपाट भागाकडे सरकते. पहिली बाजू जास्त वेळ ठेवायची नाही हे तव्यावरचं खरं तंत्र आहे. ती आधीच कडक झाली तर नंतर ताणली जात नाही.

तव्यावर उष्णता फक्त खालून मिळते, त्यामुळे ओव्हनइतका टम्म पिटा प्रत्येक वेळी होईलच असं नाही. डाग आणि भाजल्याचा वास मात्र तव्याचा जास्त छान.

लगेच कापडात

निघाला तसा पिटा स्वच्छ सुती कापडात गुंडाळा आणि पुढचे त्यावरच रचत जा. सुरुवातीला वरचा पापुद्रा कडक वाटतो. आतली वाफ कापडात कोंडून पाच-दहा मिनिटांत तो मऊ करते, फुगाही हळूहळू बसतो. खिसा बसला म्हणून घाबरू नका, थर वेगळे झालेत ते वेगळेच राहतात. निम्मा कापा आणि कडेने बोट घाला, उघडेल. उघड्यावर जाळीवर ठेवलेला पिटा मात्र तासाभरात ताठ होतो आणि दुमडला की तुटतो.

खिसा झाला नाही तर

पिटा अजिबात फुगला नसेल तर आधी आचेवर संशय घ्या. ट्रे आणखी पंधरा मिनिटं तापू द्या आणि पुढची चकती टाकून बघा. बहुतेक वेळा एवढ्यानेच फरक पडतो. एकाच बाजूला फुगला असेल तर जाडी कमीजास्त आहे. फुगता फुगता फुस्स झाला तर चकतीवर चीर, घडी किंवा पातळ जागा होती. चकत्या झाकायच्या राहून वरून सुकल्या असतील तर भाजायच्या आधी ओला हात हलकेच फिरवा, पण चिकट होतील इतकं पाणी नको. चकत्या फार वेळ ठेवल्या तर त्यांच्यात मोठे बुडबुडे भरतात आणि पिटा जाळीदार, ब्रेडसारखा होतो. अशा वेळी पुन्हा हलकं लाटणं फिरवून पाच मिनिटांनी भाजा.

न फुगलेला पिटाही खायला चांगलाच लागतो, त्यात सारण गुंडाळा. ग्रीसमध्ये सुव्लाकी (सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे) ज्या पिट्यात गुंडाळून देतात त्याला मुळात खिसा नसतोच. तो जाडसर, तेलाचा हात लावून तव्यावर भाजलेला असतो. लेबनॉन, सीरियाकडचा पिटा मोठा, पातळ आणि पूर्ण दोन थरांचा असतो. इजिप्तमधला एश बलदी कोंड्यासकट गव्हाच्या पिठाचा, कडक भट्टीत टम्म फुगवलेला.

तसा गव्हाचा करायचा असेल तर एकदम सगळं पीठ बदलू नका. आधी 100 ग्रॅम मैद्याच्या जागी कणीक घाला आणि पाणी 10 ग्रॅम वाढवा. पुढच्या वेळी निम्मं निम्मं करा, तेव्हा पाणी 205 ते 210 ग्रॅमपर्यंत जाईल. कोंडा पाणी जास्त पितो, आणि त्याचे धारदार कण ग्लुटेनचे धागे कापतात, म्हणून कालवल्यानंतरचा वीस मिनिटांचा विसावा तीस मिनिटांचा करा. खिसा थोडा लाजरा होईल, पण चव भरदार येते.

ठेवणं आणि उरलेलं वापरणं

पिटा त्याच दिवशी सर्वांत चांगला. पूर्ण गार झाल्यावर हवाबंद पिशवीत बाहेर एक दिवस मऊ राहतो. फ्रीजमध्ये ठेवू नका. त्या तापमानाला पिठातला स्टार्च सर्वांत लवकर कडक होतो, म्हणून तिथे ब्रेड शिळा पडतो. जास्त दिवस ठेवायचे असतील तर मधे बेकिंग पेपर घालून सरळ फ्रीजरमध्ये टाका, महिनाभर चांगले राहतात. खाताना गोठलेलाच काढा, दोन्ही बाजूंनी पाण्याचा हबका मारा आणि गरम तव्यावर मिनिटभर शेका.

वाळलेले पिटे टाकू नका. त्यांचे तुकडे तेलात घोळवून 180 अंशांवर आठ-दहा मिनिटं कुरकुरीत भाजले की हुमुसबरोबर (वाटलेल्या काबुली चण्यांच्या चटणीबरोबर) खायला चिप्स होतात. लेबनॉनचं फत्तूश हे सॅलड तर शिळ्या पिट्यासाठीच आहे: काकडी, टोमॅटो, मुळा, पुदिना, लिंबाचा रस, ऑलिव्ह तेल आणि वरून सुमाक, म्हणजे एका झुडपाच्या आंबट फळांची पूड. पिट्याचे तुकडे मात्र अगदी वाढताना घाला, म्हणजे कुरकुरीत राहतील.